मार्शलच्या वहीतली नावं

टॅनर्स फोर्ड गावात गुलामगिरीविरोधी मंडळ होतं, पण असून नसल्यासारखं. सभासद सात. त्यातले दोघं ठार बहिरे, आणि म्हातारा ऑर्लो पिंकनी नुसता सभेनंतरच्या आल्याच्या बिस्किटांसाठी येतो हे अख्ख्या गावाला माहीत. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मंडळी चर्चच्या तळघरात जमायची, प्रार्थना म्हणायची, एक ठराव करायची, तो वॉशिंग्टनला पाठवायची आणि आपापल्या घरी जायची. वॉशिंग्टनहून उत्तर म्हणून कधी आलं नाही.

मंडळाची चिटणीस थर्झा ट्रस्क. तिचा नवरा जोथम गाड्या आणि चाकं बनवायचा. बायकोच्या मंडळाला तो ‘बिस्किट मंडळ’ म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा.

केझिया बेल या मंडळात नव्हती. खरं तर गावात या विषयातलं तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी केंटकीतल्या एका तंबाखूच्या मळ्यावरून पळून, ओहायो नदी ओलांडून, पायांची चाळण करून ती थर्झाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली होती. थर्झाने तिला आत घेतलं, खाऊपिऊ घातलं आणि नवऱ्याला सांगितलं, की पूर्वेकडून कुणीतरी बाई कामाला आलीय. जोथमने मान डोलावली आणि चाकाचे आरे ठोकायला निघून गेला. पुढे केझियाने लाँड्री काढली, गावातल्या एलम बेल न्हाव्याशी लग्न केलं. एलम जन्मापासूनच स्वतंत्र, त्यामुळे त्याची बायकोही तशीच असणार असं गावाने गृहीत धरलं. खरी गोष्ट एलमला ठाऊक होती आणि थर्झाला. तिसऱ्या कुणाला नाही.

“एकदा ये ना सभेला,” थर्झा दर वर्षी म्हणायची. “चार शब्द बोल. पाठीवरचे वळ नुसते दाखवलेस तरी लोक हलतील गं.”

“थर्झा, मी गावाचे कपडे धुते,” केझिया म्हणायची. “गावासमोर स्वतःचे काढणार नाही.”

“तसं नाही गं म्हणायचं मला.”

“ठाऊक आहे तुला कसं म्हणायचंय ते. चहा घे.”

आणि विषय तिथेच संपायचा.

मग अठराशे पन्नासच्या सप्टेंबरात तो कायदा आला.

एलमच्या दुकानात गिऱ्हाइकाला साबण लावून ठेवायचा आणि फेस वाळेपर्यंत वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं अशी रीत होती. त्या दिवशी फेस पार वाळून गालांवरून पापुद्रे पडले तरी कुणी हललं नाही. पळून आलेला गुलाम आता उत्तरेतल्या कुठल्याही राज्यात, कुठल्याही गावात पकडता येणार होता. त्याला स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलता येणार नव्हता. पंच बसणार नव्हते. एक कमिशनर कागद बघून निकाल देणार. धरलेल्याला मालकाकडे परत पाठवलं तर कमिशनरला दहा डॉलर आणि सोडून दिलं तर पाच. आणि रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही माणसाला सरकारचा मार्शल हुकूम करू शकत होता, की चल, धरायला मदत कर. नाही म्हटलं तर दंड आणि सहा महिने तुरुंग.

“म्हणजे मला?” खुर्चीत बसलेला डॉक्टर व्हीटन फेस पुसत म्हणाला. “मी पेशंट बघायला निघालो आणि वाटेत यांनी धरलं, तर मी माणसांच्या मागे धावायचं? या वयात?”

आजवर गुलामगिरी ही डॉक्टरच्या लेखी दक्षिणेतली भानगड होती. पुढच्या महिन्याच्या गुरुवारी तो तळघरात आला, आणि बिस्किट कमी पडलं म्हणून ऑर्लो पिंकनी त्याच्यावर रुसला. नाताळपर्यंत सभासद एकोणीस झाले. गंमत बघा, थर्झाने बारा वर्षं ठराव लिहून जे जमलं नव्हतं, ते सरकारने एका सहीत केलं.

पण केझियाच्या गल्लीत गंमत नव्हती. त्या गल्लीत काळ्या लोकांची अकरा घरं. ऑक्टोबर संपेपर्यंत चार घरांना कुलपं लागली. मंडळी उत्तरेकडचं सरोवर ओलांडून कॅनडात गेली, तिथे हा कायदा चालत नव्हता. एलम रोज जेवताना एकच विषय काढायचा.

“केझी, निघू या.”

“हॉटेलच्या चादरी आल्यात. त्या देऊन होऊ दे.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा, “केझी?”

“पाद्रीबाबांचे पडदे आलेत.”

“तू काय अख्ख्या ओहायोची धुणी संपेस्तोवर थांबणार आहेस?”

तिने चमचा खाली ठेवला. “एलम, एकदा पळाले मी. अठ्ठावीस वर्षांची होते, अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. आता माझ्याकडे सहा टब आहेत, दोन भट्ट्या आहेत, एक गाय आहे आणि एक नवरा आहे. एवढं सगळं घेऊन पळता येत नाही.”

“माझा नंबर गायीनंतर?”

“गाय दूध देते,” केझिया म्हणाली. दोघंही हसली, आणि तो विषय आणखी एका आठवड्यावर गेला. पण रात्री दाराला आतून दोन अडसर लागायचे, आणि रस्त्यावर अनोळखी घोडा थांबला की केझियाच्या हातातली इस्त्री क्षणभर तशीच राहायची. हॉटेलवाल्याच्या एका उशीच्या अभ्र्यावर त्या हिवाळ्यात इस्त्रीचा डाग पडला. अकरा वर्षांतला पहिला.

जोथम ट्रस्क दर सोमवारी आपले शर्ट स्वतः आणून द्यायचा. उंच, हाडकुळा माणूस, कानामागे पेन्सिल आणि खिशात घडीची मोजपट्टी. त्याच्या हातचं चाक वीस वर्षं डुगडुगत नाही अशी ख्याती. कायदा म्हणजे त्याला त्या मोजपट्टीसारखा वाटायचा: सगळ्यांना एकच.

“आमच्या हिने जेवण बंद केलंय बघा केझियाबाई,” तो म्हणाला. “म्हणजे करते, पण बोलत नाही. मी एवढंच म्हटलं, की कायदा झालाय तर झालाय. आवडला नाही तर पुढच्या निवडणुकीत बदला. तोवर मानायचा. ज्याने त्याने आपल्याला पटेल तोच कायदा मानायचा म्हटलं तर देश चालायचा कसा?”

“तुम्हाला मार्शलने बोलावलं तर जाल तुम्ही?” केझियाने शर्टाची कॉलर उलटून बघत विचारलं.

“जाईन. जावंच लागेल.”

“माणूस धरायला?”

“कायदा पाळायला.” त्याने जरा घुटमळून मान खाजवली. “तुम्हाला काय काळजी? तुम्ही तर पूर्वेकडच्या.”

केझियाच्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. तिने गिळलं. “हे बटण तुटलंय,” ती म्हणाली. “लावून देते.”

जूनमधला शनिवार. मंडळाची वार्षिक स्ट्रॉबेरीची जत्रा गावाच्या हिरवळीवर भरली होती. एरवी लोक स्ट्रॉबेरी आणि साय खाऊन भाषणाच्या आधी पसार व्हायचे. या वर्षी गर्दी दुप्पट होती, आणि निम्मी माणसं चक्क भाषणाला थांबली होती. केझियाचं अंगण हिरवळीला लागूनच. जत्रा असूनही ती कामात होती, कारण हॉटेलच्या चाळीस चादरी वाळत होत्या. ऊन कडक, वारा छान, आणि ती निळीच्या टबात शेवटच्या चादरी बुचकळत होती.

फाटक वाजलं. चादरींच्या फटीतून तिला आधी बूट दिसले. तीन जोड.

पहिला बुटका, घामाघूम, छातीवर बिल्ला. तो मार्शल पीबल्स. दुसऱ्याला तिने ओळखलं. एप्रिलमध्ये तो घड्याळं विकायला आलोय म्हणून हॉटेलात तीन दिवस राहिला होता. त्याच्या कॉलरीवरचा मळ निघता निघेना म्हणून केझियाला तो पक्का लक्षात होता. त्याचं नाव लॅथम. आणि तिसरा जोथम ट्रस्क.

मार्शलने स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारलं होतं, की या गावात कायदा मानणारा भरवशाचा माणूस कोण? सगळ्यांनी एकाच दुकानाकडे बोट दाखवलं होतं. काम काय ते न सांगता मार्शलने जोथमला हुकूम वाचून दाखवला आणि बरोबर आणलं.

“हीच ती,” लॅथम म्हणाला. “किटी म्हणायचे हिला. डाव्या भुवईवर व्रण. धरा.”

केझियाचे हात कोपरापर्यंत निळे. पळायला एकच वाट, आणि त्या वाटेवर जोथम. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा चालत्या गाडीचं चाक निखळल्यावर गाडीवानाचा होतो.

“ही?” तो म्हणाला. “या तर केझियाबाई. एलम न्हाव्याच्या मिसेस.”

“बारा वर्षांपूर्वी ती कर्नल स्टोव्हरची मालमत्ता होती,” लॅथम म्हणाला. “आणि अजून आहे. दोर आणलाय का?”

जोथमने केझियाकडे बघितलं. “खरं आहे?”

ती खोटं बोलू शकली असती. अकरा वर्षं न बोलता तेच करत आली होती. पण त्या क्षणी तिला त्या लपवालपवीचा फार कंटाळा आला.

“खरं आहे,” ती म्हणाली. “तुमच्याच स्वयंपाकघरात आले होते मी. तुम्ही त्या दिवशी मला मक्याची भाकरी दिलीत आणि म्हणालात, ‘खा, काम नंतर.’”

जोथमने लॅथमच्या हातातला कागद मागून घेतला आणि वाचू लागला. तो सावकाश वाचणारा माणूस. ओठ हलवत, ओळीखाली बोट ठेवत. मार्शलने रुमालाने मान पुसली. वाचणं चालूच.

“अहो, काय बायबल वाचताय काय?” लॅथम खेकसला.

“कायद्याचं काम आहे,” जोथम म्हणाला. “यात उंची पाच फूट चार इंच लिहिलीय.” त्याने खिशातून मोजपट्टी काढली. “केझियाबाई, सरळ उभ्या राहा.”

केझियाला आधी कळेना. मग तिच्या लक्षात आलं, की ती धुण्याच्या लाकडी खडावांवर उभी आहे. ती मान ताठ करून उभी राहिली.

“पाच फूट साडेसहा,” जोथमने जाहीर केलं.

“खडावा घातल्यात तिने!”

“कागदात खडावा काढून असं लिहिलेलं नाही.”

आता कुंपणापलीकडे माणसं जमू लागली होती, हातात स्ट्रॉबेरीच्या बशा तशाच. थर्झा पुढे होती. नवऱ्याला मार्शलशेजारी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मिस्टर मार्शल,” जोथम म्हणाला, “मला तीन गोष्टी विचारायच्यात. कमिशनरसमोर या बाईंना बोलता येईल?”

“नाही. कायद्यात तशी सोय नाही.”

“गावचे बारा पंच बसतील?”

“नाही.”

“आणि कमिशनरला यांना पाठवलं तर दहा डॉलर, सोडलं तर पाच. हे खरं? मला वाटायचं आमची ही उगीच वाढवून सांगते.”

“कागद जास्त लिहावे लागतात म्हणून,” मार्शल पुटपुटला.

जोथम ट्रस्कचे कान लाल झाले. केझियाने त्याला अकरा वर्षांत रागावलेला पाहिला नव्हता. “माझ्या दुकानात,” तो म्हणाला, “एक पट्टी विकायला आणि एक घ्यायला असं मी ठेवलं, तर तुम्हीच मला पकडून न्याल. हा कायदा नाही. ही कापलेली पट्टी आहे. मी येणार नाही तुमच्याबरोबर.”

“सहा महिने तुरुंग आहे, मिस्टर ट्रस्क!”

“नाव लिहून घ्या.”

“पुरे झालं!” लॅथम ओरडला आणि त्याने केझियाचा दंड पकडला.

बारा वर्षांत त्या जातीच्या हाताने तिला धरलं नव्हतं. केझियाने पुढे अनेकदा सांगितलं, की त्या वेळी विचार वगैरे काही केला नाही. मोकळ्या हातात बादली होती, बादली निळीच्या टबात होती, आणि क्षणात ती टबात नव्हती. लॅथम हॅटपासून दाढीपर्यंत निळाशार झाला. कॉलर निळी, कान निळे, उघड्या तोंडातले दात निळे. तो मागे सरकला तो ओल्या चादरीत गुरफटला, दोरीला लटकला, आणि दोरी, बारा चादरी आणि लॅथम असं सगळं मिळून चिखलात बसलं.

कुंपणापाशी कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळी हिरवळच हसायला लागली. ऑर्लो पिंकनीच्या घशात स्ट्रॉबेरी अडकली, त्याची पाठ थोपटावी लागली.

“या अंगणातल्या प्रत्येकाला मी मदतीचा हुकूम करतो!” मार्शल किंचाळला आणि त्याने वही काढली. “तुम्ही! नाव?”

“व्हीटन. डॉक्टर. मी येणार नाही. व्हीटनमध्ये टी एक का दोन, विचारा की.”

“तुम्ही?”

“काय?” बहिऱ्या मिसेस क्रॅबट्रीने कानाला हात लावला.

“मदत करणार का?”

“आभारी आहे, मी खाल्ली. फार गोड होती.”

तिच्यामागे पाद्री आला. मग हॉटेलवाला आला, हे विशेष, कारण गेल्या निवडणुकीपर्यंत तो मंडळाला शिव्या द्यायचा. “माझ्या बारा चादरी चिखलात घातल्या त्या माणसाने,” तो म्हणाला. “माझं नाव ठळक लिहा.” मग एकेक करत सगळी जत्राच फाटकाशी रांगेत उभी राहिली. कुणी नाव उलटं सांगितलं, कुणी आजोबांचंही सांगितलं, कुणी मार्शलला पेन्सिलीला टोक करून दिलं. एका शेतकऱ्याने विचारलं, “आमचं कुटुंब आज घरी आहे, तिचं लिहिता येईल का? नाहीतर रागवेल.”

एलम मागच्या वाटेने धावत आला होता, गळ्यात वस्तरा पुसायचं फडकं तसंच. “केझी, आता तरी?”

“आता निघू,” ती म्हणाली. पण निघण्याआधी ती धुण्याच्या दगडावर चढली. का, ते तिलाही कळलं नाही. समोर अख्खं गाव होतं, तिच्या ओळखीच्या प्रत्येक शर्टात आणि प्रत्येक ॲप्रनमध्ये.

“मी पळून आलेली आहे,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “अकरा वर्षं तुमच्यात राहिले आणि सांगितलं नाही, कारण भीती वाटायची. कुणाची? तुमचीच. तुमच्यातला कोण मार्शलच्या बाजूने उभा राहील, ते मी कॉलरी धुताना रोज ताडून बघायची. आज तुम्ही रांग लावलीत. मला ही रांग जन्मभर पुरेल. पण मी एकटी नाही. या गल्लीतली चार घरं रिकामी झाली तेव्हा कुणी रांग लावली नव्हती. पुढच्या वेळी निळीची वाट बघू नका.”

पुरुषांनी हॅट काढल्या. मिसेस क्रॅबट्री शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “हे मला ऐकू आलं.”

सरोवरावरचं बंदर चौदा मैल. जोथमने दुकानातली सगळ्यात नवी, विक्रीला ठेवलेली गाडी बाहेर काढली. थर्झाने लगाम घेतले. पुढे ती गाडी आणि मागे गावातलं जे जे चाकावर चालतं ते सगळं: भाजीच्या गाड्या, डॉक्टरची बग्गी, पाद्रीबाबांचं म्हातारं खेचर. वाटेत उरलेल्या स्ट्रॉबेरी फिरल्या. कुणीतरी गाय मागे बांधून आणली होती, ती निम्म्या वाटेत बसली आणि तिला शेवटी गावातच ठेवावं लागलं. दिवसाढवळ्या, चाळीस गाड्यांच्या वरातीने केझिया आणि एलम बोटीत चढली. धक्क्यावरच्या कारकुनाने विचारलं, “लग्न आहे का कुणाचं?”

“आमचंच,” एलम म्हणाला. “दुसऱ्यांदा.”

लॅथमने आठवडाभर अंग घासलं म्हणतात. परतीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात पोरं त्याला बघायला धावली. त्या गावांतल्या मोठ्यांनी चौकशी केली, की हा माणूस असा का? आणि कारण कळल्यावर त्यातल्या तीन गावांत, जिथे मंडळ नव्हतं तिथे, ते निघालं.

मार्शलच्या वहीत एकशे बारा नावं होती. सगळ्यांना धरायचं तर गावात चाकं करायला आणि पाव भाजायला कुणी उरलं नसतं, म्हणून खटला पहिल्या नावावर भरला. जोथम ट्रस्क मोठ्या शहरातल्या कोर्टात उभा राहिला. काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा त्याने खुर्च्यांवर बसलेल्या पंचांकडे पाहिलं. “एवढंच,” तो म्हणाला, “की मला बारा पंच मिळाले आणि बोलायला मिळतंय. मी गुन्हा केलाय आणि मला मिळतंय. केझियाबाईंनी काही केलं नव्हतं.” हे वाक्य सात वर्तमानपत्रांत छापून आलं. वीस दिवसांची शिक्षा झाली. दर रविवारी तुरुंगाच्या दाराशी इतके लोक केक घेऊन यायचे, की जेलर वजन वाढल्याची तक्रार करू लागला. स्वतःचं.

तुरुंगातून सुटल्यावर जोथम मंडळाचा सभासद झाला. अट एकच: सभा वेळेवर सुरू व्हावी. सभासद तोवर एकशे साठ झाले होते, तळघर पुरेना म्हणून वरच्या चर्चमध्ये बसू लागले, आणि ठराव वॉशिंग्टनला पाठवायचं बंद केलं. त्याऐवजी पळून येणाऱ्यांसाठी गाड्या, घोडे आणि कुणाच्या कोठारात किती माणसं झोपू शकतात त्याची यादी केली.

पुढच्या जूनमध्ये थर्झाने सभेत सूचना मांडली. आपली सगळ्यात चांगली वक्ती सरोवरापलीकडे आहे आणि तिला इकडे येता येत नाही. मग वार्षिक सभा तिकडेच घेऊ या की.

केझियाने कॅनडातल्या त्या छोट्या बंदरात धक्क्याजवळच लाँड्री मांडली होती. एलमचं दुकान शेजारी. सकाळी धूर दिसला तेव्हापासून ती धक्क्यावर उभी होती, अंगात खळ घातलेला नवा ॲप्रन. बोट लागली आणि टॅनर्स फोर्ड उतरू लागलं. डॉक्टर, पाद्री, हॉटेलवाला, मिसेस क्रॅबट्री. ऑर्लो पिंकनी बिस्किटांचा डबा उराशी धरून. शेवटी मळमळीने हिरवा पडलेला जोथम, थर्झाच्या खांद्यावर हात टाकून.

“पाणी सरळ का नसतं हो?” त्याने विचारलं.

“तुम्ही मोजपट्टी लावून बघायची,” केझिया म्हणाली, आणि मग तिने थर्झाला मिठी मारली ती सोडेचना.

“गाय बरी आहे,” थर्झा तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. “पण कुणाचं ऐकत नाही.”

मंडळी हसत-बोलत गवतावर पांगली. टोपल्या उघडल्या, चादरी अंथरल्या. केझिया पाव वाटत होती तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एका टोकाला एक बाई बसली आहे जिला ती ओळखत नाही. पाद्रीणबाईंची खास रविवारची टोपी तिच्या डोक्यावर होती, थोडी मोठी होत होती. अंगावर डॉक्टरच्या मुलीचा झगा. वय असेल विशीतलं. ती हातातल्या बशीकडे नुसती बघत होती.

“या कोण?” केझियाने हळूच विचारलं.

“सभासद,” जोथम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आता रंग परत आला होता. “जाताना साठ तिकिटं परतीची काढली. एक नुसतं यायचं. पूर्ण भाडं भरलंय, पावती आहे माझ्याकडे. बोटीवर मार्शलचा एक माणूस होता, त्याने मोजलं सगळ्यांना. बरोबर एकसष्ट भरलो. त्याने आम्हाला प्रवास सुखाचा होवो म्हटलं.”

केझिया त्या मुलीजवळ जाऊन बसली. मुलीने अंग चोरलं, मग शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा बघितला, आणि तिचे खांदे जरा खाली आले.

“नाव काय गं तुझं?”

मुलगी घुटमळली. “कुठलं सांगू? त्यांनी ठेवलेलं, की आई हाक मारायची ते?”

“तुला आवडेल ते. घाई नाही. दुसरंच एखादं सुचलं तर तेही चालेल इथे.”

मुलीने सरोवराकडे पाहिलं. पलीकडचा किनारा आता दिसतही नव्हता. मग तिने बशीतली एक स्ट्रॉबेरी उचलली, उलटून पालटून बघितली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

“आधी खाते,” ती म्हणाली. “मग सांगते.”

“खा,” केझिया म्हणाली, आणि साईचं भांडं तिच्याकडे सरकवलं. पलीकडे जोथम घड्याळ काढून उभा राहिला होता, सभेला चार मिनिटं उशीर झाला म्हणून ओरडत होता, आणि कुणीही त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं.